कडू कवठाचे तेल : एका फलबीजाचा रासायनिक व वैद्यकीय इतिहास

कोकणात आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील सदाहरित रानांत, विशेषतः ओढ्यांच्या काठाने, कडू कवठ या नावाचा एक वृक्ष आढळतो. काही ठिकाणी त्यास कवटी असेही म्हणतात. आपल्या नेहमीच्या कवठाशी त्याचे कुळाचे काहीएक नाते नाही. साम्य आहे ते फळाच्या गोल आकाराचे व कठीण कवचाचे. हे फळ माणूस खात नाही. ओढ्यातील मासे गुंगविण्यासाठी त्याचा उपयोग करीत, आणि एका जुन्या लॅटिन नावात ‘मादक’ या अर्थाचे जे विशेषण आढळते त्याचा उगम याच गुणात असावा. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांतून हा वृक्ष दीर्घकाळ हिड्नोकार्पस वायटियाना या नावाने नोंदलेला असे. हल्ली हिड्नोकार्पस पेंटँड्रस हे नाव मान्य झाले आहे. फळाच्या गरात अनेक टणक बिया रुतलेल्या असतात व त्या बियांत विपुल तेल असते. प्रस्तुत लेखाचा विषय हे तेल होय.

ज्या तेलाचा आज एखाद्या जुन्या औषधिकोशापलीकडे फारसा उल्लेख होत नाही, ते व त्याच्याच जातीची इतर तेले १८५४ पासून सुमारे ९० वर्षे कुष्ठरोगावरील एकमेव भरवशाचे औषध म्हणून जगभर वापरली जात होती. कलकत्ता, कैरो, मनिला, होनोलुलू व लुइझियाना येथील रुग्णालयांतून ती रुग्णांना पाजली गेली व टोचली गेली. पुढे अवघ्या दहा वर्षांत त्यांचा वापर जवळजवळ संपला. हे तेल खरोखर औषध होते काय, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. तो कोणी, कसा व कोणत्या साधनांनी विचारला याचा इतिहास मात्र उत्तराहूनही अधिक बोधप्रद आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्राचीन उल्लेखापासून आरंभ करू. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तेराव्या अध्यायात तुवरक नावाच्या वृक्षाचे वर्णन आहे. हा वृक्ष पश्चिम समुद्राच्या किनारपट्टीत होतो, पावसाळ्याच्या तोंडी त्याची पक्व फळे गोळा करावीत, मगज काढून वाळवावा, कुटून तेल काढावे, ते पाण्याचा अंश निघून जाईपर्यंत आटवावे आणि काही काळ शेणाच्या भुग्यात पुरून ठेवावे, असा विधी तेथे दिला आहे. स्थळ व ऋतू यांचा हा निर्देश इतका नेमका आहे की, तुवरक म्हणजे कडू कवठच होय हे मत बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारले आहे. तथापि दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली अशी की, आयुर्वेदातील ‘कुष्ठ’ या संज्ञेत अठरा प्रकारचे त्वचाविकार येतात. आज ज्यास आपण कुष्ठरोग म्हणतो तो त्यांतील काही प्रकारांशीच जुळतो. दुसरी अशी की, तुवरकाचे हे प्रकरण मधुमेहाच्या चिकित्सेच्या अध्यायात आले आहे; ते केवळ कुष्ठासाठी लिहिलेले नाही. जुन्या ग्रंथात अर्वाचीन रोगाचे औषध ‘आधीच’ सापडले असे म्हणण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिला या दोन गोष्टी पुरेसा लगाम घालतात. मात्र तेल काढण्याची कृती व्यवहारात मुरलेल्या माणसाने लिहिलेली आहे यात शंका नाही.

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात या तेलाचा संबंध डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याशी जोडला जातो. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ सालच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक होते. पुराणवस्तू, नाणी व शिलालेख यांच्या अभ्यासाइतकीच त्यांना जुन्या औषधींच्या परीक्षेची आवड होती. कुष्ठरोगावर त्यांनी अनेक वर्षे उपचार केले, आणि त्यांच्या औषधात कडू कवठाचे तेल मुख्य होते असे मानले जाते. औषधाचा पाठ उघड न केल्याबद्दल समकालीन डॉक्टरांनी त्यांना दोष दिला व १८७४ साली ते निवर्तले. त्याच वर्षी मुंबईतीलच हेन्री व्हँडाइक कार्टर यांचा कुष्ठरोगावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि नॉर्वेत हान्सेन यांनी रुग्णांच्या गाठींतील दंडाकार जंतूंविषयीचे आपले निरीक्षण छापले. भाऊ दाजींच्या गुप्ततेचे समर्थन करता येणार नाही. पण त्या काळी एतद्देशीय डॉक्टराच्या दाव्याची परीक्षा निष्पक्षपणे झाली असती काय, हाही प्रश्न विचारावयास हवा. पुढे विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन व हूपर यांच्या सहकार्याने १८८९ ते १८९३ या काळात भारतीय वनौषधींचा जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कडू कवठाचा समावेश आहे.

युरोपीय वैद्यकात या वर्गातील तेलाचा प्रवेश झाला तो मात्र कोकणातून नव्हे, तर बंगालमधून. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक फ्रेडरिक जॉन मोआट यांनी १८५४ साली चौलमुग्रा या देशी औषधावर एक टिपण लिहिले व आपल्या रुग्णांत दिसलेला गुण नमूद केला. त्या बाजारी बियांचा वृक्ष कोणता, याविषयी मात्र सुमारे शतकभर घोटाळा होता. रॉक्सबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ज्या वृक्षास चौलमुग्रा म्हटले, तो पुढे जायनोकार्डिया ओडोराटा या नावाने प्रसिद्ध झाला आणि औषधकोशांतून तेच नाव चालू राहिले. बाजारात येणाऱ्या बिया त्या वृक्षाच्या नाहीतच, त्या टॅरॅक्टोजेनॉस कुर्झिआय, म्हणजे आजच्या हिड्नोकार्पस कुर्झिआय या ब्रह्मदेश व आसाम भागातील वृक्षाच्या आहेत, हे डेव्हिड प्रेन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी दाखवून दिले. जायनोकार्डियाच्या तेलात औषधी म्हणून मानलेली द्रव्ये नाहीतच. त्याच्या बियांत सायनाइड मुक्त करणारे जायनोकार्डिन हे ग्लुकोसाइड असते. म्हणजे जो कोणी कोशाप्रमाणे जंगलात जाऊन बिया गोळा करील, त्याच्या पदरी औषधाऐवजी विष पडावयाचे. बाजारातील अशिक्षित व्यापारी योग्य बी विकीत होता आणि विद्वानांचा ग्रंथ चुकीचे नाव सांगत होता, असा हा विलक्षण प्रकार होय.

नाव निश्चित झाल्यावर रसायनशास्त्रज्ञांचे काम सुकर झाले. लंडनमधील वेलकम रासायनिक संशोधनशाळेचे संचालक फ्रेडरिक बेल्डिंग पॉवर व त्यांचे सहकारी गॉर्नल यांनी १९०४ साली चौलमुग्रा बियांतून एक नवे मेदाम्ल वेगळे केले. त्यास चौलमुग्रिक आम्ल हे नाव मिळाले. पुढील वर्षी पॉवर व बॅरोक्लिफ यांनी कडू कवठाच्या व सयामकडील हिड्नोकार्पस अँथेल्मिंटिका या जातीच्या बियांचे पृथक्करण केले व त्यांतून हिड्नोकार्पिक आम्ल मिळविले. चौलमुग्रिक आम्लाच्या रेणूत कार्बनचे १८, हायड्रोजनचे ३२ व ऑक्सिजनचे २ अणू असतात. हिड्नोकार्पिक आम्लात ते अनुक्रमे १६, २८ व २ असतात. पहिले सुमारे ६८ अंश सेल्सिअसला वितळते, दुसरे सुमारे ६० अंशांना. येथवर विशेष काही नाही. विशेष आहे ते असे की, ही दोन्ही आम्ले ध्रुवित प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवितात, आणि तीही थोडीथोडकी नव्हे, तर ६० अंशांहून अधिक विशिष्ट घूर्णनाने. तिळाचे, करडईचे, भुईमुगाचे तेल प्रकाशाच्या बाबतीत जवळजवळ निष्क्रिय असते, कारण त्यांतील मेदाम्ले सरळ शृंखलेची असतात. म्हणून कडू कवठाच्या तेलातील आम्लांच्या रेणूत काहीतरी असममित रचना असली पाहिजे हे उघड होते.

ती रचना म्हणजे पाच कार्बन अणूंचे व एका द्विबंधाचे वलय होय, हे पॉवर यांच्या ध्यानात आले होते. परंतु वलयाच्या तपशिलाविषयी त्यांनी १९०७ साली मांडलेली कल्पना पुढे टिकली नाही. अमेरिकेत श्राइनर व रॉजर ॲडम्स यांनी १९२५ साली योग्य रचना सिद्ध केली. सरळ कार्बन-शृंखलेच्या एका टोकास आम्लगट व दुसऱ्या टोकास पंचकोनी वलय, अशी ही साधी मांडणी आहे. चौलमुग्रिक आम्लात शृंखलेचे कार्बन १३, हिड्नोकार्पिकमध्ये ११. याशिवाय गॉर्लिक नावाचे तिसरे आम्ल आढळते. त्यात चौलमुग्रिकच्याच शृंखलेवर आणखी एक द्विबंध असतो. पुढील पृथक्करणांवरून असे दिसते की, कडू कवठाच्या तेलातील मेदाम्लांपैकी सुमारे निम्मा भाग हिड्नोकार्पिक, सुमारे चतुर्थांशाहून थोडा अधिक चौलमुग्रिक व सुमारे अष्टमांश गॉर्लिक आम्लाचा असतो. उरलेल्यात ओलेइक, थोडे पामिटिक व वलययुक्त आम्लांचे लहान सजातीय येतात. ब्रह्मी चौलमुग्र्यात हिड्नोकार्पिकचे प्रमाण कमी, तर सयामी जातीत ते सुमारे दोन-तृतीयांश असते. म्हणजे ‘चौलमुग्रा तेल’ या एकाच नावाखाली रुग्णांना निरनिराळी मिश्रणे दिली जात होती, ही गोष्ट जुन्या रुग्णालयीन अहवालांची तुलना करताना लक्षात ठेवावी लागते.

येथे एक उपकथा सांगण्याजोगी आहे. हे पंचकोनी वलय वनस्पतीत तयार होते ते सायक्लोपेन्टेनिल ग्लायसीन या अमिनो आम्लापासून, असे १९७० नंतरच्या जैवरासायनिक संशोधनाने दिसून आले. जायनोकार्डियातील विषारी ग्लुकोसाइडाचा उगमही याच अमिनो आम्लात आहे. आज ही दोन्ही झाडे एकाच अकारिएसी कुलात घातली जातात. रॉक्सबर्गोत्तर कोशकारांची चूक औषधाच्या दृष्टीने घातक होती खरी, पण चुलत भावाला भाऊ समजण्याइतकीच ती होती.

आता रुग्णाकडे वळू. हे तेल तोंडाने घेणे अत्यंत कठीण असे. तिखट, कडवट चव, घशाशी जळजळ आणि थोड्याच वेळात ओकारी. बहुतेक रुग्ण उपचार सोडून देत ते रोगामुळे नव्हे, तर औषधामुळे. म्हणून टोचण्याचा मार्ग शोधला गेला. कैरोमध्ये तुर्तुलिस बे यांनी १८९४ पासून एका ३६ वर्षांच्या कॉप्ट रुग्णास त्वचेखाली तेल टोचण्यास आरंभ केला. सुमारे सहा वर्षांत ५८४ वेळा टोचल्यानंतर तो बरा झाल्याचे जाहीर झाले. त्या रुग्णाच्या सहनशक्तीविषयी अहवालात फारसे काही नसावे याचे नवल वाटत नाही. दाट तेल त्वचेखाली सहज पसरत नाही. वेदना, गाठी व गळवे नेहमीची होती. मनिलात व्हिक्टर हायझर यांनी कापूर व रिसॉर्सिन मिसळलेल्या तेलाचा प्रयोग केला व १९१४ साली त्याचा वृत्तांत छापला. जर्मनीत बायर कंपनीने तेलातील आम्लांच्या एथिल एस्टरांचे ‘अँटिलेप्रॉल’ हे औषध याआधीच बाजारात आणले होते. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी सोडियम लवणे वापरली. त्यास त्यांनी ‘सोडियम जायनोकार्डेट’ असे नाव दिले, म्हणजे प्रेन यांनी निकालात काढलेल्या वृक्षाचे नाव पुन्हा औषधाच्या बाटलीवर चढले.

या टप्प्यावर हवाईतील एका तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीचे काम उभे राहते. ॲलिस ऑगस्टा बॉल यांचा जन्म १८९२ साली सिअ‍ॅटल येथे झाला. कॉलेज ऑफ हवाई येथून १९१५ साली पदव्युत्तर पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री व पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन होत. त्यांचा प्रबंध कावा या वनस्पतीच्या मुळांतील द्रव्यांवर होता. तो पाहून कलिही रुग्णालयातील डॉ. हॅरी हॉलमन यांनी त्यांना चौलमुग्र्याचे काम सुचविले. तेलातील मेदाम्ले एकमेकांपासून निराळी करावयाची, त्यांचे एथिल एस्टर बनवावयाचे व टोचण्याजोगा पातळ पदार्थ मिळवावयाचा, ही ती समस्या. एथिल एस्टरांची कल्पना नवी नव्हती हे वर आलेच आहे. परंतु आम्लांचे पृथक भाग करून त्यांचे शुद्ध एस्टर तयार करण्याची व्यवहार्य रीत बसविणे हे निराळे कौशल्य होते. बॉल यांनी ते साधले. त्यांना ते छापण्यास सवड मिळाली नाही. ३१ डिसेंबर १९१६ रोजी वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर कॉलेजचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी हे काम पुढे चालविले, मोठ्या प्रमाणावर एस्टर तयार केले व आपल्या लेखांतून बॉल यांचे नाव न घेता ते प्रसिद्ध केले. ही रीत ‘डीन यांची रीत’ म्हणून ओळखली जाऊ लागली. हॉलमन यांनी १९२२ साली आपल्या लेखात स्पष्टपणे ‘बॉल यांची रीत’ असा उल्लेख केला. तो कोणाच्या फारसा लक्षात आला नाही. हवाई विद्यापीठाच्या आवारातील चौलमुग्र्याच्या झाडापाशी बॉल यांच्या नावाचा फलक लागला तो २००० साली. विद्यापीठीय संशोधनात वरिष्ठ व कनिष्ठ यांच्या श्रमांची वाटणी कशी होते, याविषयी ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांना या प्रकरणाचे अधिक स्पष्टीकरण नको.

या एस्टरांचे परिणाम मात्र सर्वत्र गाजले. १९२० च्या सुमारास कलिही रुग्णालयातून ७८ रुग्णांना घरी पाठविण्यात आले. त्यासाठी वापरलेला शब्द होता ‘पॅरोल’, म्हणजे कैद्याला काही शर्तींवर सोडताना वापरतात तोच. हवाईत १८६६ पासून कुष्ठरुग्णांना मोलोकाई बेटावरील कलाउपापा येथे कायमचे पाठविण्यात येत असे. घरी परत जाता येईल अशी आशा प्रथमच निर्माण झाल्यामुळे, लपून राहणारे रुग्ण आपण होऊन उपचारासाठी येऊ लागले. औषधाचा जंतूंवर काय परिणाम झाला हे क्षणभर बाजूस ठेवले, तरी हा परिणाम निर्विवाद होता.

भारतात १८९८ च्या कायद्याने भटक्या व निराधार कुष्ठरुग्णांना आश्रयगृहांत अडकवून ठेवण्याची तरतूद केली होती; मुंबईत माटुंगा येथील आश्रयगृह १८९० मध्येच सुरू झाले होते. १९२० नंतर कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत अर्नेस्ट म्युअर यांनी कुष्ठरोगाचे काम हाती घेतले. ब्रह्मदेशातील दुर्मिळ व शिळ्या बियांपेक्षा पश्चिम किनाऱ्यावरील कडू कवठाच्या ताज्या बियांचे तेल स्वस्त, शुद्ध व तितकेच गुणकारी आहे, असे त्यांच्या अनुभवास आले, आणि किओसोट मिसळलेले हेच तेल भारतातील दवाखान्यांतून चट्ट्यांच्या त्वचेत टोचले जाऊ लागले. अमेरिकेने १९२० मध्ये जोसेफ रॉक यांना खास चौलमुग्र्याच्या शोधार्थ सयाम व ब्रह्मदेशाच्या जंगलांत पाठविले होते व त्यांनी आणलेल्या बियांपासून हवाईत लागवड झाली. आपल्याकडे मात्र उपयुक्त वृक्ष किनारपट्टीतच उभा होता. सुश्रुताने सांगितलेल्या ठिकाणीच शोध परत येऊन पोहोचला, असे यावर कोणी म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही. मात्र म्युअर यांना तेथवर आणले ते किंमत व ताजेपणा यांच्या हिशेबाने.

या तेलाने रोग बरा होत होता काय? वॉकर व स्वीनी यांनी १९२० साली दाखविले की, चौलमुग्र्याची आम्ले क्षयजंतूसारख्या आम्लस्थायी जंतूंना परीक्षानळीत फिनॉलपेक्षा सुमारे शंभरपट प्रभावीपणे मारतात, आणि इतर जंतूंवर त्यांचा तसा परिणाम होत नाही. हा निष्कर्ष अत्यंत आशादायक होता. वलयामुळेच हा गुण येतो असा साहजिक तर्क झाला. मग ॲडम्स यांनी कृत्रिम आम्लांची एक लांबलचक मालिका तयार केली व तीत असे आढळले की, वलय नसलेली पण तितक्याच रेणुभाराची शाखायुक्त आम्लेही तितकीच प्रभावी असतात. म्हणजे गुण वलयाचा नसून रेणूच्या आकाराचा व भौतिक धर्मांचा असावा. काही वर्षे जपलेली कल्पना अशा रीतीने ढासळली, आणि ती ज्यांनी रचना सिद्ध केली त्यांच्याच हातून, हे रसायनशास्त्रास भूषणावह आहे.

वैद्यकाची अडचण यापेक्षा मोठी होती. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमावर वाढत नाही; आजही तो तसा वाढविता आलेला नाही. क्षयजंतूवरील प्रयोगाचा निष्कर्ष त्यास लावणे हे अनुमान होते, पुरावा नव्हे. रोगही असा की त्याची गती मंद, त्यात आपोआप चढउतार होणारे, आणि काही प्रकार उपचारावाचूनही बरे होणारे. अशा रोगात उपचार न केलेल्या रुग्णांचा समांतर गट ठेवल्याशिवाय काहीही सिद्ध होत नाही. बहुतेक अहवालांत असा गट नाही. ज्या रुग्णांना टोचले त्यांना त्याच वेळी चांगला आहार, स्वच्छता व विश्रांतीही मिळत होती. जे पळून गेले किंवा कंटाळले त्यांची गणना निष्कर्षात नसे. ‘पॅरोल’वर गेलेल्या रुग्णांपैकी अनेकांना रोग पुन्हा उद्भवून परत यावे लागले.

लुइझियानातील कार्व्हिल येथे गाय फेजेट यांनी १९४१ मध्ये प्रोमिन हे सल्फोन औषध वापरण्यास आरंभ केला व १९४३ मध्ये त्याचे फळ प्रसिद्ध केले. १९४६ पासून रॉबर्ट कॉक्रेन यांनी दक्षिण भारतात डॅप्सोनचा उपयोग केला. पुढे डॅप्सोनच्या गोळीचा खर्च इतका अल्प ठरला की, १९५१ साली वर्धा येथे स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानास गावोगाव पाहणी, शिक्षण व उपचार यांची योजना राबविता आली. तेलाच्या काळात असे काही शक्यच नव्हते. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू १९६४ मध्ये आढळले. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीने अनेक औषधांचा संयुक्त उपचार सुरू झाला व तोच आज प्रचलित आहे.

पण तेलावर खटला चालला तो आरोपी गेल्यानंतर. उंदराच्या पायाच्या तळव्यात कुष्ठजंतू मर्यादित प्रमाणात वाढविण्याची शेपर्ड यांची रीत १९६० मध्ये उपलब्ध झाली. तिचा उपयोग करून लेव्ही यांनी १९७५ साली दाखविले की, चौलमुग्र्याच्या वर्गातील आम्ले उंदरांत कुष्ठजंतूंची वाढ खरोखर रोखतात. पुढे चौलमुग्रिक आम्ल या गणातील जंतूंच्या स्वतःच्या मेदद्रव्यांत सामावले जाते असेही आढळले. म्हणजे तेल अगदी निर्गुण नव्हते. पण वाढ रोखणे व रोग नाहीसा करणे यांत अंतर आहे. गुण होता, तो अल्प होता. आणि त्यासाठी रुग्णाने सोसलेल्या वेदनेच्या मानाने तर फारच अल्प होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्यांच्यापाशी दुसरे काहीच नव्हते, त्यांना त्या काळी हा हिशेब मांडणे शक्य नव्हते हेही तितकेच खरे.

अलीकडे फळांच्या बियांच्या अर्कांवर शेकडो शोधनिबंध प्रसिद्ध होतात व त्यांत ऑक्सिडीकरण-विरोधी, जंतुविरोधी, मधुमेहविरोधी असे गुण परीक्षानळीतील प्रयोगांवरून सांगितले जातात. कडू कवठही त्यांत आहे. अशा निबंधांपैकी बरेच १९२० मधील वॉकर व स्वीनी यांच्या पायरीवर उभे आहेत. त्यापुढील पायऱ्या किती उंच होत्या ते वर पाहिलेच. परंतु याच बियांतून निघालेला एक पदार्थ वेगळ्या कारणाने उल्लेखनीय आहे. टी. आर. शेषाद्री व त्यांच्या सहकाऱ्याने १९७० नंतरच्या काही वर्षांत कडू कवठाच्या बियांतील हिड्नोकार्पिन या फ्लॅव्होनोलिग्नानाचे रचनाविषयक काम प्रसिद्ध केले. त्याचाच एक मेथॉक्सी साधित दारुहळदीच्या वर्गातील वनस्पतींत आढळतो. तो स्वतः जंतू मारीत नाही. परंतु स्टॅफिलोकॉकस जंतू आपल्या शरीरातून औषध बाहेर फेकण्यासाठी जी यंत्रणा वापरतो ती तो बंद पाडतो, आणि मग त्याच वनस्पतीतील बर्बेरिन प्रभावी ठरते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००० साली दाखविले. तेलाच्या मागे लागलेल्या तीन पिढ्यांनी बियांच्या या भागाकडे पाहिलेच नव्हते.